बाप हयात असताना वाटणी ठरवता येत होती का? सहाव्या शतकातील ग्रीक वाटणीपत्रे आणि तडजोडपत्रे

ग्रीकभाषक जगातील वारशाबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इजिप्त, पॅलेस्टाइन आणि आजच्या जॉर्डनमध्ये पपायरसावर लिहिलेले जे ग्रीक कागद सापडले, त्यांतील सहाव्या शतकाच्या आसपासच्या कौटुंबिक दस्तांत मृत्युपत्रे त्या मानाने कमी आणि भावंडांमधील वाटणीपत्रे व तडजोडपत्रे अधिक का दिसतात. वडील हयात असतानाच मुलांनी आपसांत वाटणी ठरवून कागद करून ठेवला, तर तो टिकत असे का. आणि मुलींचा हिस्सा खरोखर त्यांच्या हाती पडत असे का. मी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कळले की उरलेल्या दोन्हींची वाट बरीच मोकळी होते.

उत्तर सरळ आहे: असा कागद टिकत नसे. ५३१ मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनपुढे नेमके हेच प्रकरण आले होते. एका नातेवाइकाची मालमत्ता पुढेमागे आपल्याला मिळेल अशा आशेवर असलेल्या मंडळींनी, तो नातेवाईक जिवंत असतानाच, कोणी काय घ्यायचे ते ठरवून टाकले होते. जस्टिनियनने असे करार तिरस्करणीय आणि अत्यंत दुःखद व धोकादायक परिणामांनी भरलेले ठरवून रद्दबातल केले. त्याला एकच अपवाद ठेवला: ज्याच्या मालमत्तेबद्दल करार आहे त्याने स्वतः संमती दिली असेल, आणि ती संमती त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत कायम राहिली असेल, तरच तो कागद खरा. म्हणजे म्हाताऱ्याने मरणाच्या आदल्या दिवशी जरी मन बदलले, तरी मुलांच्या हातातील कागद कोरा. यामागचा विचार समजायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. ज्याच्या मरणावर चार जणांचा लेखी हिशेब अवलंबून आहे, त्याचे जगणे त्या चौघांना अडचणीचे वाटू लागते.

मराठी वाचकाला ही मनाई थोडी चमत्कारिक वाटते, याचे कारण आपल्या मनात मिताक्षरा मुरलेली असते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क, म्हणून बाप हयात असतानाही तो वाटणी मागू शकतो, ही आपली रुळलेली समजूत आहे. रोमन कायद्यात असा जन्मसिद्ध सहहिस्सा नव्हता. बाप जिवंत आहे तोवर त्याची मालमत्ता त्याची, आणि मुलाकडे फक्त आशा. या आशेचा व्यवहार करू नये, हे तत्त्व मात्र आपल्याकडेही आले आहे: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६ च्या पहिल्याच खंडात, भावी वारसाची वारसा मिळण्याची निव्वळ शक्यता हस्तांतरित करता येत नाही असे म्हटले आहे. तीस वर्षांच्या दिवाणी वकिलीत, वडिलांच्या स्वकष्टार्जित घराची त्यांच्या हयातीतच आपसांत करून घेतलेली ‘वाटणी’ मुद्रांकाच्या कागदावर घेऊन आलेले भाऊ मी पाहिले आहेत, आणि त्या कागदाचा उपयोग नाही हे सांगताना त्यांचे उतरलेले चेहरेही पाहिले आहेत. सहाव्या शतकातील एखाद्या ताबेलिओलाही, म्हणजे दस्तलेखकालाही, हेच सांगावे लागत असणार.

एक पोटभेद इथेच सांगून टाकतो, नाहीतर पपायरसांत बाप आणि मुले यांच्यातील कागद दिसला की गोंधळ होतो. आईकडून आलेली मालमत्ता वेगळी धरली जात असे. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या काळापासून तिची मालकी मुलांची आणि उपभोग बापाचा, अशी विभागणी झाली. त्यामुळे आई गेल्यावर मुलांचा जिवंत बापाशी खराखुरा हिशेब निघू शके, विशेषतः बापाने दुसरे लग्न केले असेल तर. हा करार भावी वारशाचा नसतो. आधीच उघडलेल्या वारशाचा असतो.

मुलीच्या बाबतीत हीच मनाई तीन शतके जुनी होती, आणि मला ती जस्टिनियनच्या फर्मानापेक्षा अधिक बोलकी वाटते. लग्न ठरवताना हुंड्याच्या लेखातच असे कलम घालण्याची प्रथा असावी की, मुलीने मिळाल्या हुंड्यावर समाधान मानावे आणि बापाच्या मालमत्तेकडे पुन्हा वळून पाहू नये. अलेक्झांडर सेव्हेरस हा २२२ ते २३५ या काळात सम्राट होता. त्याने दिलेल्या निर्णयात हे कलम कायद्याला मान्य नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि जस्टिनियनच्या संहितेत ते पुढे कायम ठेवले आहे. मुलगी परत येऊन हिस्सा मागू शकत होती. तिला अट एकच: तिने नेलेला हुंडा आधी सामाईक ढिगात मिळवायचा आणि मग सर्वांनी मिळून वाटणी करायची. ५३६ मध्ये जस्टिनियनने हा नियम मृत्युपत्र असलेल्या वारशालाही लावला. बापाने नको असे स्पष्ट लिहिले नसेल तर पूर्वी दिलेले हिशेबात धरायचेच. हक्कसोडपत्रावर सही करताना ‘ताईच्या लग्नात खर्च झालाच आहे’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या नियमाची चतुराई लगेच लक्षात येईल. लग्नातील खर्च हा युक्तिवाद म्हणून चालत नाही, आकडा म्हणून चालतो.

मग बापाच्या हातात काय होते? बरेच होते, पण ते त्याने स्वतः करायचे होते. ५४१ च्या नव्या कायद्यात, ज्याचा क्रमांक १०७ आहे, मुलांमध्ये वाटणी करणाऱ्या बापासाठी एक साधी पद्धत घालून दिली आहे. त्याने आधी तारीख लिहावी, मग मुलांची नावे स्वतःच्या हाताने लिहावीत, आणि प्रत्येकाचा हिस्सा आकड्यांच्या खुणांनी न दाखवता पूर्ण अक्षरांत लिहावा. आजही धनादेशावर रक्कम अक्षरी लिहावी लागते, ती ज्या भीतीमुळे, तीच भीती इथे आहे. हिस्से मोजायची पद्धत बारा औंसांची होती. संपूर्ण वारसा म्हणजे बारा औंस, आणि मग कोणाला चार, कोणाला दोन. आपल्या जुन्या कागदांत रुपयात चार आणे हिस्सा, आठ आणे हिस्सा असे लिहितात, तोच प्रकार. फक्त आपला रुपया सोळा आण्यांचा आणि त्यांचा बाराचा.

बापाचे स्वातंत्र्य अमर्याद मात्र नव्हते. काही भाग मुलांसाठी राखून ठेवावाच लागे. पूर्वी मृत्युपत्र नसते तर जे मिळाले असते त्याचा चौथा भाग एवढीच ही राखीव मर्यादा होती. ५३६ मध्ये जस्टिनियनने ती वाढवली: चार किंवा कमी मुले असतील तर एकूण मालमत्तेचा एक तृतीयांश, पाच किंवा अधिक असतील तर निम्मा. या आकड्यांतील विसंगती विद्यार्थ्यांना दाखवायला मला फार आवडते. चार मुले असताना प्रत्येकाचा राखीव वाटा बारावा भाग होतो, आणि पाचवे मूल जन्मले की प्रत्येकाचा वाटा वाढून दहावा भाग होतो. राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या विद्वान मंडळींनी हा हिशेब करून पाहिला नसावा, किंवा पाहून सोडून दिला असावा. राखीव हिश्श्याची ही कल्पना युरोपच्या कायद्यांतून पोर्तुगालमार्गे गोव्यात पोहोचली आणि तिथे अजून जिवंत आहे. गोव्यातील वाचकांना ‘लेजितिमा’ हा शब्द घरचाच आहे, आणि आईबापाला निम्म्या मालमत्तेपलीकडे मनाप्रमाणे देता येत नाही हेही.

मृत्युपत्रच नसेल तर काय, याचे उत्तर ५४३ च्या ११८ क्रमांकाच्या कायद्यात आहे, आणि तो या संपूर्ण विषयाचा कणा आहे. आधी मुले व नातवंडे, मुलगा-मुलगी असा भेद न करता. वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुले मिळून त्याचा एक हिस्सा घेतात. ती नसतील तर आईबाप आणि सख्खी भावंडे, मग सावत्र भावंडे, मग दूरचे नातेवाईक. बापाच्या बाजूचे नाते आणि आईच्या बाजूचे नाते यांतील जुना भेद यात पुसून टाकला आहे. नवराबायको या यादीत कुठेच नाहीत. बाकी सगळे नातेवाईक संपल्यावर त्यांचा विचार होतो. हुंडा न आणलेल्या गरीब विधवेला चौथा हिस्सा देण्याची तरतूद ५३७ मध्ये आली, पण तीही मर्यादितच. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता कागदांकडे वळू. मनाई, राखीव हिस्सा आणि समान वारस हे तिन्ही एकत्र धरले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. आधी ठरवता येत नाही, बापाने लिहिले तरी कोणाला पूर्ण वगळता येत नाही, आणि लिहिले नाही तर सगळे सारखेच वारस. म्हणजे खरे काम मरणानंतर सुरू होते, आणि ते भावंडांनाच करावे लागते. कायदा अपूर्णांक देतो. कोणती खोली, कोणते शेत, कोणाची विहीर, हे तो सांगत नाही. मृत्युपत्र थोडे आणि वाटणीपत्रे फार, याचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे. दुसरे कारण नुसते व्यवहाराचे: वाटणीपत्र हा मालकीचा पुरावा म्हणून पुढच्या पिढ्या जपून ठेवतात, आणि वाटणी झाल्यावर मृत्युपत्राची आठवण फारशी कोणाला राहत नाही.

आजच्या जॉर्डनमधील पेट्रा इथले कागद याचे उत्तम उदाहरण आहेत. डिसेंबर १९९३ मध्ये तिथल्या बायझंटाइन चर्चच्या एका खोलीत सुमारे १४० पपायरसांच्या गुंडाळ्या सापडल्या. आगीत जळून त्यांचा कोळसा झाला होता, आणि कोळसा झाला म्हणूनच त्या टिकल्या, कारण त्या ओलसर हवेत साधा पपायरस केव्हाच कुजला असता. फिनलंडच्या अभ्यासकांनी त्या थर थर करून उलगडल्या. त्यांतील बरेच कागद थिओडोरोस नावाच्या एका चर्च-अधिकाऱ्याच्या घराण्याचे आहेत. ५३७ पासून सहाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या तारखा त्यांवर दिसतात. एका लांबलचक दस्तात बास्सोस, एपिफानिओस आणि साबिनोस या तीन भावांनी जमिनी, बागा आणि घरे वाटून घेतली आहेत. मला त्यात सर्वांत लक्षवेधी वाटते ती शेतांची नावे. दस्त ग्रीक भाषेत, कायद्याची परिभाषा ग्रीक, पण शेताला गावकरी ज्या अरबी नावाने हाक मारत तेच नाव ग्रीक अक्षरांत जसेच्या तसे लिहिले आहे. दस्तलेखकाने भाषांतर केले असते तर शेत सापडले नसते. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, पण वाटणीच्या वेळी भाऊ ‘आंब्याखालचे’ आणि ‘ओढ्याकडचे’ असेच बोलतात, आणि शहाणा वकील दोन्ही लिहितो.

याच घराण्यातील चुलत नात्यातील विवाह आणि त्याला जोडून कौटुंबिक मालमत्तेचे करारही या गुंडाळ्यांत आहेत. चुलत भावंडांचे लग्न पूर्वेकडील साम्राज्यात ४०५ पासून कायद्याने मान्य होते, आणि मुलींना समान हिस्सा असलेल्या समाजात जमीन घराबाहेर जाऊ न देण्याचा तो एक सोपा मार्ग होता. मुलींचा हिस्सा त्यांच्या हाती पडत असे का, या प्रश्नाचा हा एक भाग आहे: हिस्सा मिळे, पण तो कोणाशी लग्न करून कुठे जाईल याची व्यवस्था आधीच झालेली असे. सम्राटाचा हुकूम सगळीकडे सारखा पोहोचलेला नव्हता, हेही खरे. ५३६ मध्ये जस्टिनियनला आर्मेनियासाठी वेगळा कायदा काढून तिथल्या बायकांना वारसा मिळालाच पाहिजे आणि त्यांना हुंड्याशिवाय नवऱ्याच्या घरी धाडू नये असे बजावावे लागले. जिथे नियम पाळला जातो तिथे असे बजावावे लागत नाही.

तडजोडपत्र जवळून पाहायचे असेल तर मात्र सिएनेला, म्हणजे आजच्या अस्वानला जावे. तिथे पातेर्मूथिस नावाचा एक नावाडी होता, जो एलिफंटाइनच्या तुकडीत सैनिकही होता. त्याचे आणि त्याची बायको काको हिचे कौटुंबिक दप्तर आज लंडन आणि म्युनिक इथे विभागून ठेवले आहे. पातेर्मूथिसला लिहिता येत नव्हते. काकोचा भाऊ योहान्नेस याच्याशी घरच्या वारशावरून तंटा झाला, तो लवादापर्यंत गेला आणि शेवटी ‘दिआलिसिस’वर, म्हणजे तडजोडपत्रावर मिटला. या शब्दाचा मूळ अर्थ सोडवणूक किंवा गाठ सोडणे असा आहे, आणि आपल्या फारकतीच्या तो फार जवळचा आहे.

या घरांचे वर्णन वाचले की तंटा का होतो हे कळते. घरे उंच, मजल्यावर मजला चढवलेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटून तुकडे झालेली. एकाच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरील ‘सिंपोसिओन’चा निम्मा भाग येतो. हा शब्द मूळचा मद्यपानाच्या बैठकीचा, पण सिएनेत त्याचा अर्थ घरातील बसाउठायची खोली एवढाच उरला आहे. निम्मी खोली, त्यासोबत दरवाजा, जिना आणि गच्ची यांतील सामाईक हक्क, आणि त्या खोलीच्या वरची ‘हवा’. ही हवा दस्तात स्वतंत्रपणे लिहिलेली असते, कारण उद्या कोणी वर आणखी एक मजला चढवायचा म्हणाला तर तो हक्क कोणाचा, हे ठरलेले असावे लागते. इमारतीच्या पुनर्विकासात गच्चीवरील बांधकाम-हक्कावरून भांडणारे आजचे सहनिवासी या ओळी वाचून एकदम घरी आल्यासारखे होतील. पुढे शेजारी सांगितले जातात, चारही दिशांचे, बहुधा दक्षिण, उत्तर, पूर्व, पश्चिम या क्रमाने. आपल्याकडील चतुःसीमेचा क्रम वेगळा, हेतू तोच.

तडजोडपत्राचा खरा जीव मात्र वर्णनात नसतो, पुढच्या कलमांत असतो. पक्षकार कबूल करतात की या वारशाबद्दल आपला एकमेकांवर कोणताही हक्क उरलेला नाही: लेखी असो वा तोंडी, उपस्थित केलेला असो वा न केलेला, आठवणीत असलेला वा विसरलेला. आपण स्वतः, आपले वारस किंवा आपल्यातर्फे दुसरा कोणी, न्यायालयात किंवा न्यायालयाबाहेर, हा विषय पुन्हा काढणार नाही. हा शब्दांचा पूर वाचून नवखा माणूस कंटाळतो. पण यांतील एकेक जोडी म्हणजे पूर्वी कोणीतरी शोधून काढलेली पळवाट आहे. कोणीतरी ‘ते आमच्या बोलण्यातच आले नव्हते’ असे म्हटले असेल, म्हणून ‘उपस्थित न केलेला’ हे शब्द आले. रोमन कायद्यात यासाठी एक जुनी युक्तीही होती: सगळे परस्पर दावे एकाच शाब्दिक वचनात ओतायचे आणि मग ते एकच वचन फेडल्याचे जाहीर करायचे. ती युक्ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील अक्विलियस गाल्लुस या कायदेपंडिताच्या नावाने ओळखली जाते.

त्यानंतर शपथ येते: सर्वशक्तिमान देवाची आणि सम्राटांच्या कल्याणाची. ती केवळ भाविकपणाने घातलेली नाही. ३९५ च्या कायद्यानुसार, पंचवीस वर्षांवरील माणसाने अशी शपथ घेऊन केलेली तडजोड मोडली, तर त्याची अप्रतिष्ठा होई, दावा जाई आणि ठरलेला दंडही भरावा लागे. वयाची ही अट महत्त्वाची आहे. पंचवीस वर्षांखालील वारसाने केलेला व्यवहार त्याला अहितकारक ठरला, तर तो पूर्ववत करून मागण्याची मुभा त्याला होती. म्हणून धाकट्या भावंडाचा हिस्सा घाईने मिटवणारा दस्त कायम अर्धवट सुकलेल्या मातीसारखा राही. शपथेनंतर दंडाची रक्कम, सोन्याच्या नाण्यांत; एका पौंड सोन्याची अशी ७२ नाणी होत. दंड भरून करार मोडण्याची परवानगी विकत मिळू नये म्हणून, दंड भरल्यावरही करार कायम राहील, असेही लिहिलेले असते. लवादाच्या बाबतीत ५३९ मध्ये जस्टिनियनने उलट दिशेने पाऊल टाकले: नुसत्या शपथेवर लवाद नेमायचा नाही, दंडाचा करार करूनच नेमायचा. माणसे शपथ मोडतात आणि मग लवादाचा निर्णय लटकतो, हा अनुभव त्याच्या दरबारात भरपूर जमा झाला असणार.

शेवटी सह्या. लिहिता न येणाऱ्यासाठी दुसरा कोणी सही करतो आणि तसे लिहितो: अमुक अक्षरे जाणत नाही म्हणून मी त्याच्यातर्फे लिहिले. मग साक्षीदार, मग दस्तलेखक. निशाणी अंगठा या दोन शब्दांना आपल्या नोंदवहीत जी जागा आहे, तीच या वाक्याला. निरक्षर असणे म्हणजे भोळे असणे नव्हे, हे पातेर्मूथिसच्या दप्तराची जाडी पाहून कळते.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा आता येतो. नवराबायको एकमेकांचे वारस जवळजवळ नसतातच. म्हणून पातेर्मूथिस आणि काको यांनी ५८३-८४ च्या सुमारास एक परस्पर करार केला: दोघांपैकी आधी कोणी गेले तर मागे राहणाऱ्याकडे सर्व मालमत्ता राहील, आणि त्याच्यानंतर ती मुलांकडे जाईल. त्यांनी हा कागद केला नसता, तर एकाच्या मरणानंतर दुसऱ्याला ज्या घरात आयुष्य काढले त्याच घरात मुलांच्या किंवा मेहुण्यांच्या मर्जीवर राहावे लागले असते. काकोच्या माहेरच्या तंट्यात दोघेही पोळले होते, त्यामुळे हा कागद त्यांना पुस्तकातून नव्हे, घरातूनच सुचला असावा असे मला वाटते. हा आपल्या अर्थाने भावी वारशाचा करार आहेच, पण ज्यांची मालमत्ता आहे तेच दोघे तो करत आहेत. मनाई होती ती तिसऱ्याच्या मालमत्तेवर डोळा ठेवून केलेल्या कराराला.

राजधानीतील कायदा आणि गावातील कागद यांत अंतर किती, याचे सर्वांत चांगले उत्तर डायोस्कोरसच्या दप्तरात मिळते. हा वरच्या इजिप्तमधील अफ्रोदितो गावचा, आजच्या कोम इश्कावचा. ५५१ मध्ये गावाचे गाऱ्हाणे घेऊन कॉन्स्टँटिनोपलला गेलेला, पुढे ५६६ ते ५७३ या काळात अँटिनूपोलिस इथे दस्तलेखनाचा व्यवसाय करणारा, आणि वर ग्रीक कविताही करणारा गृहस्थ. त्याचे कागद १९०५ मध्ये एका घरात सापडले, आणि त्या कागदांच्या रांजणावर झाकण म्हणून मेनांडर या नाटककाराच्या हस्तलिखिताची पाने वापरलेली होती. साहित्याच्या अभ्यासकांना त्या पानांमुळे हरवलेली नाटके मिळाली. मला मात्र झाकणाखालच्या गोष्टीत रस आहे. त्यात ५६७ चे एका सरकारी लिपिकाचे मृत्युपत्र आहे, ज्याने शेनूतेच्या मठाला बहुतेक सारे देऊन टाकले आणि आजीलाही विसरला नाही. ५७० चे अँटिनूपोलिसच्या मुख्य वैद्याचे मृत्युपत्र आहे, ज्यात मठाला द्राक्षमळा आणि रुग्णालयाचा कारभार भावाकडे दिला आहे. आणि ५६९ चा एक दस्त आहे, ज्यात बाप आपल्या मुलांना घरातून बहिष्कृत करतो. याला ग्रीकमध्ये ‘अपोकेरिक्सिस’ म्हणतात.

गंमत अशी की, ही ग्रीक प्रथा रोमन कायद्याला मान्य नाही, असे सम्राट डायोक्लेशियनने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट सांगितले होते, आणि ते जस्टिनियनच्या संहितेतही आहे. ५४२ च्या कायद्याने वारसा नाकारण्याची कारणेही मोजून दिली होती, मुलांच्या बाबतीत चौदा; कारण मृत्युपत्रात नमूद करायचे आणि उरलेल्या वारसांनी ते सिद्ध करायचे. पावणेतीनशे वर्षांनंतरही डायोस्कोरस, ज्याला कायदा चांगला ठाऊक होता, तो निषिद्ध नावाचा दस्त लिहून देतो. काही अभ्यासकांना यात अज्ञान दिसते. मला तसे वाटत नाही. पक्षकार चिडलेला आहे, त्याला मुलांना गावासमोर नाकारायचे आहे, आणि वकिलाला माहीत आहे की हा कागद न्यायालयात कदाचित उभा राहणार नाही, पण चावडीवर उभा राहील. ‘यापुढे मुलाच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देणाऱ्या बापांचे मसुदे मीही लिहिले आहेत, तिचे कायद्यातील वजन किती हे त्यांना आधी सांगूनच. राखीव हिश्श्यालाही व्यवहारात ‘फाल्किदिओन’ म्हणत, जे नाव खरे तर ख्रिस्तपूर्व ४० मधील दुसऱ्याच एका कायद्याचे होते. पुस्तकातील शब्द आणि पेढीवरील शब्द वेगळे असणे ही काही आजची गोष्ट नाही.

भाषेबद्दल एक शेवटची गोष्ट, कारण प्रश्नात ‘ग्रीकभाषक जग’ असा शब्द आहे. मृत्युपत्र ग्रीकमध्ये करण्याची सरसकट मुभा ४३९ मध्ये सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने दिली. त्याआधी लॅटिन हीच नियमाची भाषा होती. पण ग्रीक कागद करणारे सगळे घरी ग्रीक बोलत असत असे मुळीच नाही. वरच्या इजिप्तमधील हर्मोंथिसचा बिशप अब्राहाम याने इसवी सन ६०० नंतर थोड्याच वर्षांत केलेले मृत्युपत्र पाहा. त्याने आपला मठ आपल्या शिष्याला, विक्टरला दिला. मृत्युपत्र ग्रीकमध्ये आहे, आणि त्यातच लिहिले आहे की त्याने ते इजिप्ती भाषेत सांगितले, ते ग्रीकमध्ये उतरवले गेले, आणि मग पुन्हा इजिप्तीत समजावून त्याला वाचून दाखवले.